एका दोरीतली दोन करडं

एसटीचं स्टिअरिंग सोडल्यावर मला दुपार जाता जात नसे. वसमतमध्ये घर आहे, बायको आहे, पेपर आहे, पण पेपर संपला की हात रिकामे. मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं मला गच्चीवर उगाच चकरा मारताना पाहिलं आणि जाताना आपलं गेमचं मशीन टीव्हीला जोडून ठेवून गेली. "पप्पा, ह्यात उड्या मारायच्या असतात. तुमाला जमंल," एवढंच तिनं सांगितलं.

पहिला गेम एका साळिंदराचा होता. ते गुहेतून धावतं आणि मध्ये खड्डे, काटे, हलत्या फळ्या. आपण फक्त बटण दाबायचं. बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं की उडी लांब जाते, चटकन सोडलं तर आखूड. मला वाटलं होतं हा पोराटोरांचा खेळ. पण एका काठावर मी सारखा मरत राहिलो आणि जेवायला हाका आल्या तरी उठलो नाही. ड्रायव्हरला अंतराचा अंदाज असतो, असा माझा गर्व होता. साळिंदरानं तो पार उतरवला.

मग मी एकेक गेम उघडून पाहू लागलो. एकात बेडकी होती. चित्रं इतकी सुंदर की बघत राहावं, पण तिच्या उडीला वजनच नव्हतं. हवेत कागद तरंगावा तशी ती जायची. तो गेम मी लगेच सोडला. दुसऱ्यात एक म्हातारा कंदील घेऊन ओल्या दगडांवरून जायचा आणि थांबवला तरी थोडा घसरायचा. तो मला आवडला. पावसात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी अशीच घसरते. ब्रेक आधी मारावा लागतो. मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "एकटे काहून खेळता? त्या करडांच्या गेममध्ये आईला घ्या."

त्या गेममध्ये दोन करडं आहेत, एक पांढरं, एक काळं. दोघांच्या गळ्यात एकच दोरी. डोंगर चढायचा. एकानं उडी मारली आणि दुसरं तयार नसलं की दोघंही खाली. एक घट्ट उभं राहिलं तर दुसऱ्याला दोरीला लोंबकळून झोका घेता येतो. मी पांढरं घेतलं, बायकोला काळं दिलं.

ती पहिल्या दिवशी खूप हसली. तिचं करडू उडी मारण्याऐवजी वळून मलाच ढुशी मारायचं आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. पण मला वर पोचायचं होतं.

"आता मार. आता! अगं, काहून थांबलीस?"

"मला वाटलं, तुमी—"

"तुला वाटायचं काम न्हाई. मी म्हणलो की दाबायचं."

पुन्हा पडलो.

"डोळे हायेत का बटणं? समोर खड्डा दिसत न्हाई तुला?"

ती "बरं" म्हणाली. पुढं प्रत्येक वेळी "बरं" म्हणाली. हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. एका रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि ती पुण्याहून आमचा खेळ बघत होती. मग म्हणाली, "पप्पा, गेम हाये तो."

"तुझ्या आईला समजतच न्हाई त्याला मी काय करू?"

मुलीनं "ठेवते" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, तिला काम असेल.

पुढच्या आठवड्यात मी जवळा बाजारला निघालो. तिथं माझ्याबरोबर नोकरी केलेला एक मित्र राहतो, आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्याच्याकडे जातो. पण स्टँडवरच त्याचा फोन आला की तो लेकीकडे गेलाय. मी तसाच घरी फिरलो. दाराशी आलो तर आतून गेमचा आवाज. खिडकी उघडी होती.

बायको टीव्हीसमोर खाली बसली होती. एक रिमोट हातात, दुसरा मांडीवर. एक करडू ती हलवायची, मग घाईनं रिमोट बदलून दुसरं. करडं पडली. ती स्वतःशीच बोलली, "आंधळी हायेस का? थांब म्हणलं की थांबायचं. तुला वाटायचं काम न्हाई."

आवाज तिचा होता. बोलणं माझं होतं, अगदी सुरासकट. ती चेष्टा करत नव्हती. नकलेत माणूस थोडा तरी हसतो. ती कपाळाला आठ्या घालून, पोरगं पाढे पाठ करतं तसं पाठ करत होती.

मला खिडकीपासून बाजूला होता येईना. आपलंच घर चोरून बघितल्यासारखं वाटलं. शेवटी मी मुद्दाम खाकरलो. आत टीव्ही झटकन बंद झाला. दार उघडलं तेव्हा ती उभी होती, दोन्ही रिमोट जागेवर ठेवलेले.

"लवकर आलात? चहा ठेवते."

चहा घेऊन मी गच्चीवर गेलो.

संध्याकाळी मीच मशीन लावलं. ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. "तू पुढं हो, मी मागून येतो," एवढंच म्हणालो. काळं करडू काठावर जाऊन थांबलं. बायकोचा अंगठा बटणावर होता आणि नजर माझ्या तोंडाकडे. मी काही बोलेना. ती बटण दाबेना. शेवटी तिनं हळूच विचारलं, "रागावलात का?"

मी रिमोट खाली ठेवला. "न्हाई गं. मी तुला लई वंगाळ बोलतो. दुपारी मी ऐकलं."

ती माझीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, "त्यात काय एवढं? तुमचं बोलणंच तसं हाये. मला सवय हाये."

इतक्या वर्षांच्या संसारात मी कशाकशासाठी असं बोललो असेन, ते तिथं बसल्याबसल्या एकामागून एक आठवू लागलं. पाहुण्यांसमोर, लेकीसमोर, भर बसमध्ये प्रवाशांसमोर सुद्धा. मी मान वर करू शकलो नाही.

शेवटी मी म्हणालो, "तुला ह्यातलं काय आवडतं? ते लाव."

तिनं थोडा विचार केला आणि बेडकीचा गेम लावला, मी टाकून दिलेला. "ही पडली तरी हळू पडते," म्हणाली. मी शेजारी गप्प बसलो. ती मजेत एका पानावरून दुसऱ्या पानावर जात होती, मध्येच थांबून चित्रं बघत होती. एका ठिकाणी बेडकी चुकीच्या बाजूला निघाली आणि माझ्या तोंडून निघालंच, "अगं, तिकडं काहून—"

तिनं गेम थांबवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी जरा बाहेर बसा बरं."

असं ती मला कधीच बोलली नव्हती. मी उठलो आणि पायरीवर येऊन बसलो. थंडी चांगलीच होती, स्वेटर आतच राहिला होता. समोरचे मास्तर फाटक लावायला आले. मला पाहून म्हणाले, "काय हो, एवढ्या गारठ्यात बाहेर?"

"आत लई गरम होऊन राहिलं," मी म्हणालो.