शेवटच्या प्रवाशाचा चेहरा

खेळ कुठवर आला, असं कुणीही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "थोडं राहिलंय." घरमालकिणीनं जिन्यात अडवून विचारलं तरी तेच, न्हाव्यानं गालाला साबण लावता लावता विचारलं तरी तेच. शेवटी ताईनंच त्याचं नाव थोडेराव ठेवलं. हळूहळू सगळी गल्ली त्याला त्याच नावानं हाक मारू लागली आणि तोही ओ देऊ लागला.

थोडेराव कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचा. कुठल्या कंपनीत नाही हं, घरी, एकट्यानं. विम्याच्या ऑफिसातली बरी चाललेली नोकरी त्यानं त्यासाठी सोडली होती. त्याच्या खेळात मारामारी नव्हती, बंदुका नव्हत्या. एक नदी, एक नाव आणि आपण नावाडी. प्रवासी येतो, समोर बसतो, पलीकडचा काठ येईपर्यंत स्वतःचं काहीतरी सांगतो आणि उतरून जातो. झालं. ऐकायला एवढंसं वाटतं, पण लोक त्या नावेत तासन्‌तास बसायचे ते त्या प्रवाशांच्या चेहऱ्यांसाठी. आणि चेहरे काढायची ताई.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. ती कपबशांच्या कारखान्यात कपांवर फूल रंगवायची. फुलं नव्हे, फूल. निळ्या पाच पाकळ्या, हिरवी दोन पानं, की पुढचा कप. वर्षानुवर्षं तेच फूल. संध्याकाळी घरी आली की हात धुवायची, चहा घ्यायची आणि खिडकीजवळच्या टेबलाशी कपांच्या वेष्टणाचे कागद उलटे करून चेहरे काढायला बसायची. भट्टीवाला, बसथांब्यावर शिंकणारी बाई, दवाखान्यातला पेंगुळलेला शिपाई, कुणी म्हणून तिच्या तावडीतून सुटायचं नाही. एका चेहऱ्यासाठी ती दहा कच्चे काढायची. थोडेराव त्यातला शेवटचा घ्यायचा आणि बाकीचे केराच्या टोपलीत टाकायचा. अर्धवट काम कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, हा त्याचा बाणा.

खेळाचा पहिला भाग त्यानं इंटरनेटवर फुकट ठेवला होता. त्याला चांगले दोन-चारशे चाहते मिळाले. त्यातला एकजण स्वतःला घुबड म्हणवून घ्यायचा. एके दिवशी या घुबडानं लिहिलं, "बाकीचा खेळ व्हायला वेळ लागणार ते दिसतंयच. तोवर तुम्ही दोघं जगणार कशावर? वर्गणीचं पान उघडा. आम्ही दर महिन्याला थोडं थोडं पाठवू. बदल्यात काही नको, ताई चेहरे कसे काढतात तेवढं दाखवा. कच्चे असले तरी चालतील." त्याखाली पुष्कळ जणांनी "मी पण" लिहिलं होतं.

थोडेरावानं ते ताईला वाचून दाखवलं आणि खो खो हसला. "आधी खेळ पुरा करू, मग बघू."

"अरे, लोक आपणहून देतायत, तर घे ना!"

"अर्ध्या खेळावर हात पसरू? मागे एकदा नाक कापून घेतलंय, ताई. बास झालं."

ते खरं होतं. पहिल्या खेळाच्या वेळी त्यानं असंच पान उघडलं होतं आणि कुणीतरी खाली लिहून गेलं होतं, 'खेळ अर्धा, हात मात्र पूर्ण पसरलेला.' लिहिणारा विसरला असेल, हा विसरला नाही. एका टवाळानं काढलेली खोडी हा माणूस उरात घेऊन बसला आणि शंभर भल्या माणसांचं बोलणं त्याला ऐकू येईना. काय म्हणावं याला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच.

मग ताईच्या डोळ्यांचं कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. पडद्याचा आजार आहे. इंजेक्शनं देऊ, पण थांबेलच असं नाही. मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. दार दिसेल, दारातल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. "बारीक काम काही मनात असेल तर आत्ताच करून घ्या," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

रस्त्यात ताई म्हणाली, "ऐक, थोडेराव. उरलेली नजर मला कपांवर घालवायची नाहीये. ते वर्गणीचं पान उघड. घरभाडं निघालं तरी पुरे, मी उद्या कारखाना सोडते. पाच प्रवासी राहिलेत, तेवढे नीट काढू दे मला. शेवटचा तर मी अगदी निवांत काढणार आहे."

शेवटचा प्रवासी म्हणजे त्यांची आई. तिचा एकही फोटो घरात नव्हता. तिचा चेहरा काय तो ताईच्या डोक्यात होता. आई गेली तेव्हा थोडेराव इतका लहान होता की त्याला तो आठवतही नव्हता.

"उघडतो," तो म्हणाला. "पण पान उघडलं की लोक बघायला येणार. वादळाचा भाग तेवढा नीट होऊ दे. थोडंच राहिलंय."

माणूस वाईट नव्हता हो. ताईवर त्याचा जीव होता. पण वादळ झालं, मग त्याला धुकं आवडेना. धुकं झालं, मग वल्ह्याचा आवाज खटकायला लागला. ताई रोज कारखान्यात जात राहिली आणि संध्याकाळी दमल्या डोळ्यांनी टेबलाशी बसत राहिली. चार प्रवासी तिनं कसेबसे काढले. चौथ्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. थोडेरावाला वाटलं, घाई केली असेल. त्यानं कॉम्प्युटरवर डोळा वर सरकवला आणि काम पुढे चालू केलं. बहिणीला विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

कारखान्यात कुणाला पत्ताच लागला नाही. फूल तिच्या हातात इतकं मुरलं होतं की ते काढायला तिला बघावंही लागत नव्हतं. मग एक दिवस रंगांच्या वाट्यांची जागा कुणीतरी बदलली आणि ताईनं ट्रेभर कपांवर हिरव्या पाकळ्या आणि निळी पानं काढली. मुकादमबाईनं तिला रिक्षात घालून घरी आणलं. दारातच म्हणाली, "अहो, हिला समोरचं माणूस ओळखू येत नाही. घरात तुम्हाला कुणाला कळलं नाही?"

त्याच दिवशी थोडेरावानं पान उघडलं. बैल गेला आणि झोपा केला! आठवडा पुरा व्हायच्या आत घरभाडं सुटेल इतकी वर्गणी जमली. सगळ्यांत आधी घुबडानं पाठवली. कुणी हात पसरलात म्हणालं नाही. उलट, इतके दिवस का थांबलात, असंच सगळे विचारत होते. आणि ताईचे कच्चे चेहरे दाखवा म्हणत होते. ते कुठून दाखवणार? केराच्या टोपलीतून कधीच गेले होते.

त्यानं ताईला खिडकीशी बसवलं. कागद पुढे ठेवला, पेन्सिल हातात दिली.

"आईला काढ, ताई. आता कारखाना नाही, काही नाही. हवा तेवढा वेळ घे."

"तू कुठे उभा आहेस? तुझे कान दिसतायत मला, मधे नुसता डाग आहे," म्हणून ती हसली. मग मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून कागद शोधत तिनं हात चालवला. हात भरभर चालला, कुठे अडला नाही. थोडेरावाला वाटलं, जमतंय की काय!

पाच पाकळ्या आल्या. मग दोन पानं आली.

"फूलच आलं ना रे?" ताईनं विचारलं. "हातालाच कळलं मला. आई डोळ्यांपुढे आहे बघ अगदी, कपाळावरच्या व्रणासकट. पण हात ऐकत नाही."

थोडेराव जमिनीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायचा तसा रडला. ताईनं त्याला रडू दिलं. टेबलावरचा तिचा चहा पार गार झाला.

मग ती म्हणाली, "हाच कागद पाठव त्यांना. कच्चंच मागतायत ना?"

त्यानं कागदाचा फोटो काढून पानावर लावला आणि खाली लिहिलं, 'शेवटचा प्रवासी. थोडं राहिलंय.'

"काय लिहिलंस?"

त्यानं वाचून दाखवलं.

"आता तरी खरं लिही, बाळा."

त्यानं ते पुसलं. मग लिहिलं, 'शेवटचा प्रवासी म्हणजे आमची आई. तिचा चेहरा फक्त माझ्या बहिणीला ठाऊक होता. तिची नजर शाबूत होती तेव्हाच मी तुमच्याकडे मागायला हवं होतं. मला लाज वाटली. आता आईला चेहरा मिळणार नाही.'

हे त्यानं मोठ्यानं वाचलं. ताईनं मान हलवली आणि म्हणाली, "हं. पाठव."