खुशीचा भोंगा

परदेशातल्या सरकारनं आपल्या तांदळावर आयातकर वाढवला आणि गोंदियातली आमची राइस मिल बंद पडली. आई आणि मी तिथं पोती शिवायचो. भोंगा वाजला की कामाला निघायचं, एवढंच ठाऊक.

हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात भातगिरण्यांना करमाफी देणारं विधेयक मंजूर झालं. त्या दुपारी कित्येक महिन्यांनी भोंगा वाजला. आईनं घाईघाईत भाताचा डबा भरला. फाटकाशी सगळ्या बाया जमल्या होत्या आणि मिलचे मालक शेठ पेढे वाटत होते.

"काम अभी नहीं है, खुशी में बजाया," ते म्हणाले.

"मंग आमाले कायले धावडवलं?" आई म्हणाली. शेठनं तिच्या हातावर पेढा ठेवला.

तिनं तो डब्यात टाकला. घरी आल्यावर भातातच कालवला आणि आम्ही दोघी जेवलो. गोड लागल्याचं मला आठवत नाही.