जोंधळ्याचं बी

हेब्बाळजवळच्या एका बियाणे-संग्रहात मी नोंदी ठेवते. आई गेल्यावर कामावर परतले, त्याच आठवड्यात बेळगावकडची एक म्हातारी आली. तिच्या सासूने पूर्वी आमच्या संग्रहाच्या माणसांना घरच्या जोंधळ्याचं बी दिलं होतं, कुठलाही कागद न मागता. आता ते गावात कुणाकडेच उरलं नव्हतं, म्हणून ती थोडं परत मागत होती. मी तिच्यापुढे चार पानी अर्ज ठेवला.

"कशासाठी हवं ते लिहा, आजी."

"पेराय पायजे, अक्का. मग काय, देव्हाऱ्यात ठिवू?"

तिसऱ्या खेपेला तिला छोटं पाकीट मिळालं. ते तिथेच फोडून तिने चिमूटभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"समदं न्यायचं नसतंय. देणाऱ्याकडं थोडं ऱ्हाऊ द्यावं."

आमच्या माणसांनी तिच्या सासूकडे थोडं ठेवलं होतं का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.