बर्व्यांचा बिल्ला

आटपाट रीडिंग होतं, इंग्लंडातलं एक गाव. तिथे एक म्हातारा होता, एक म्हातारी होती, त्यांचा मुलगा संदीप होता, सून मेघना होती, आणि बर्वे होते.

बर्वे म्हणजे आमचा कुत्रा. म्हातारी म्हणजे मी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण मी जो घोळ घातला त्याला हसावं की रडावं, हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मी सांगतेय, मेघना लिहून घेतेय. मला सहीपुरतं नाव लिहिता येतं, तेवढीच माझी शाळा.

कुत्रा घरी आला तेव्हा त्याचं नाव बार्नी होतं. आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे तर आमचे बर्वेसाहेब!" नगरपालिकेत ह्यांचे साहेब होते बर्वे. तसेच लांब कान, तशीच कंटाळलेली नजर. झालं! पण साहेबांना अरेतुरे कसं करणार? म्हणून आमच्याकडे बर्वे येतात, बर्वे जेवतात, बर्वे कोचावर चढून बसतात. संदीपचा इंग्रज शेजारीसुद्धा आता 'बव्हे' म्हणतो.

आता आमचे हे कोण, ते सांगायला हवं. कराडच्या नगरपालिकेत, आरोग्य खात्यात, कुत्र्यांचे बिल्ले देणारे! पितळेचा गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. ज्याच्या गळ्यात बिल्ला तो घरचा, ज्याच्या गळ्यात नाही तो बेवारशी, त्याला नगरपालिकेची गाडी उचलून नेणार, ती कायमची. उभ्या आयुष्यात ह्यांनी कुणाला खोटा बिल्ला दिला नाही. आमदाराच्या मेव्हण्याला परत पाठवला होता, "आधी कुत्रा दाखवा," म्हणून.

आणि आमच्याच कुत्र्याला, खंड्याला, गाडीनं नेलं.

पट्टा तुटला होता हो. बिल्ला टेबलाच्या खणात होता. हे म्हणाले, "उद्या बांधू." त्याच दुपारी खंड्या दारातून बाहेर पडला. ह्यांना ऑफिसात कळलं तेव्हा हे सायकल तिथेच विसरून पळत गेले. उशीर झाला होता. घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि तसेच उठले. त्यानंतर चाळीस वर्षांत खंड्याचं नाव ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. बिल्ला मात्र ह्यांच्या पाकिटात होता, इथे येतानाही.

मागच्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यासारखीच. आमच्या घराचा जिना म्हणजे विहिरीत उतरल्यासारखा. शेवटी इथल्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखा दवाखाना नव्हे, म्हाताऱ्यांनी राहायची जागा. राहायची म्हणजे... असो.

मी रोज बसनं जायची. पुढच्या दाराशी एक वही, तिच्यात सही करायची. वहीच्या वर भिंतीवर एका कुत्र्याचा फोटो लावलेला, खाली चार ओळी छापलेल्या. हरवला असेल बिचारा, मी म्हणायची. कुणाचं लेकरू! सही झाली की फोटोला रोज एक नमस्कार. गणपतीला सांगितलंसुद्धा होतं, हा सापडला तर एकवीस मोदक.

वर खोलीत गेलं की हे माझा हात धरायचे आणि मोठ्या कष्टानं बोलायचे, "बर्वे... बिल्ला... काढला?"

"काढते हो," मी म्हणायची.

"गाडी... नेईल."

रोज तेच. डोळ्यांतून पाणी यायचं. बाकी सगळं विसरले होते, संदीपला पाहुण्यासारखं 'या' म्हणायचे, पण बिल्ला विसरले नाहीत.

कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. मी संदीपला म्हटलं, "चल कौन्सिलला, बर्व्यांचं लायसन काढू."

तो म्हणाला, "आई, इथे कुत्र्याला लायसन लागत नाही. कधीच बंद झालंय ते."

"घरातल्या टीव्हीला लायसन लागतं आणि चावणाऱ्या प्राण्याला लागत नाही? मला वेडी समजतोस?"

नेलंनच शेवटी. काउंटरवरची बाई गोड हसली, तिनंही तेच सांगितलं. कुत्र्याच्या कातडीखाली चिप हवी, ती आहे. गळ्यात मालकाचं नाव-पत्ता हवा, तोही आहे. बस! शिक्का नाही, नंबर नाही, सही नाही. हे काय सरकार झालं?

"बरं, मग बर्व्यांना निदान ह्यांना भेटायला तरी नेऊ या," मी म्हटलं.

"तिथे कुत्रा नाही चालणार गं, बहुतेक," संदीप म्हणाला.

ह्या 'बहुतेक'नं आमचे तीन महिने खाल्ले. तो आणि मेघना रविवारी गाडीनं यायचे, मागच्या पार्किंगच्या दारानं आत शिरायचे. कुणी कुणाला विचारलं नाही.

पण मी एक बघितलं होतं. दर गुरुवारी एक अंध साहेब बहिणीला भेटायला यायचे आणि त्यांचा पिवळा कुत्रा ऐटीत आत जायचा. म्हणजे काहीतरी कागद असणार की नाही?

बागेतल्या बाकावर माझी मैत्रीण बसते, नागपूरच्या विजूताई. त्यांचा मुलगा कम्प्युटरवाला आणि त्या स्वतः मोबाइलवाल्या. त्यांना सगळं सांगितलं.

"अव्वो, एवढंच नं?" त्या म्हणाल्या. "तो सर्व्हिस डॉग असते, आंधळ्यापांगळ्यांच्या मदतीचा. आपल्या बर्व्यांचंही करून टाकू. फोनवर सगळं भेटते."

"परीक्षा वगैरे नसते?"

"कायची परीक्षा! फोटो टाकला का झालं."

आठ दिवसांत विजूताईंकडे पाकीट आलं. लाल जाकीट, त्यावर पांढरी मोठी अक्षरं. एक कार्ड, त्यावर बर्व्यांचा फोटो, नंबर, सोनेरी शिक्का! शिक्का बघून मला रडू आलं हो. संदीपला सांगितलं नाही. म्हटलं, आधी ह्यांना दाखवू.

गुरुवार उजाडला. बर्व्यांना आंघोळ घातली, जाकीट चढवलं, बसमध्ये बसवलं. बर्वे खिडकीतून असे बघत होते, जणू तपासणीला निघालेत.

दारात शीबा सिस्टर. मूळची केरळची, माझ्याशी हिंदीत बोलते. "आंटी, ये कौन?"

मी छाती काढून सांगितलं, "सर्व्हिस डॉग. लायसन है."

कार्ड पुढे केलं. तिनं उलटसुलट करून बघितलं. "आंटी, जॅकेट पे असिस्टन्स लिखा है, कार्ड पे इमोशनल सपोर्ट. दोनों अलग बात है. और ऐसा कार्ड इधर कोई सरकार नहीं देती."

मी म्हटलं, "शिक्का है!"

तेवढ्यात ते अंध साहेब बाकावर बसलेले दिसले. पिवळा कुत्रा त्यांच्या पायाशी, पुतळ्यासारखा. बर्व्यांनी त्याला बघितलं, धावत जाऊन त्याच्यापुढे उताणे पडले, चारी पाय वर! पिवळ्यानं मानसुद्धा वळवली नाही. मग अपमान झाल्यासारखे बर्वे उठले आणि शेजारच्या चहाच्या ट्रॉलीवर पुढचे दोन्ही पाय ठेवले.

साहेबांनी काहीतरी विचारलं. शीबानं हिंदीत सांगितलं, "पूछते हैं, आपका कुत्ता क्या काम सीखा है?"

काय सांगू? म्हटलं, "ये दुःख में साथ देते हैं."

बर्व्यांचं तोंड त्या वेळी कस्टर्डच्या वाडग्यात होतं. कानापर्यंत!

साहेब आधी हसले. मग हळू आवाजात बोलले, आणि शीबाचा चेहरा बदलला. म्हणाली, "आंटी, ये बोलते हैं कि ऐसा जॅकेट बहुत लोग लेते हैं. एक दुकान में किसी के ऐसे कुत्ते ने गंदगी की. अब वो दुकानवाला इनको दरवाजे पे रोकता है. बोलता है, तुम्हारा भी झूठा होगा."

ज्या माणसानं आमदाराच्या मेव्हण्याला खोटा बिल्ला दिला नाही, त्याची बायको खोटा बिल्ला घेऊन त्यालाच दाखवायला निघाली होती! तिथेच गुडघ्यावर बसले, जाकिटाचे बंद सोडले, आणि त्या साहेबांपुढे हात जोडले. त्यांना कुठे दिसणार ते? मग त्यांचा हात धरून म्हटलं, "सॉरी. व्हेरी सॉरी." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. शीबानं माझ्यासाठी काय काय सांगितलं त्यांना कुणास ठाऊक, पण त्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला.

मी बर्व्यांना घेऊन परत निघाले. शीबानं अडवलं.

"किधर जाते हो? कुत्ते को ऊपर ले जाओ ना."

"लायसन झूठा है ना?"

"लायसन चाहिए किसको? घर का कुत्ता अलाउड है. पट्टा लगाओ, हमको बता दो, बस. बोर्ड पे लिखा तो है!"

"कौनसे बोर्ड पे?"

तिनं बोट दाखवलं. वहीच्या वर. कुत्र्याचा फोटो.

"वो?" मी म्हटलं. "वो तो बिचारा खो गया है!"

शीबाला आधी कळेना. मग मी नमस्काराचं सांगितलं, मोदकांचं सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि हसता हसता खाली बसली. साहेबांना सांगितलं, तेही हसले. मग तिनं माझा चेहरा बघितला आणि तिचं हसू थांबलं. तीन महिने, बायांनो! तीन महिने मी त्या पाटीला नमस्कार करून वर जात होते, आणि वर आमचे हे रडत होते.

वर गेलो. बर्वे दारातून एकदम शांत झाले. पलंगाशी जाऊन त्यांनी ह्यांच्या डाव्या हाताखाली डोकं घातलं. ह्यांनी डोळे उघडले. हात कानांवरून फिरला, मानेवर आला, चाचपडत राहिला. मला ठाऊक होतं काय शोधतायत. तोंडावर पदर धरला मी.

बोटं थांबली. गळ्यात संदीपनं पहिल्या दिवसापासून बांधलेली पितळेची गोल चकती होती, घराचं नाव-पत्ता कोरलेली. कौन्सिलची बाई म्हणाली होती ती हीच. नंबर नाही, शिक्का नाही, म्हणून मी तिला मोजलंच नव्हतं.

ह्यांनी अंगठ्यानं अक्षरं चाचपली. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "बिल्ला... आहे."

"आहे हो."

"गाडी... नाही नेणार."

"नाही नेणार."

त्या दुपारी हे असे झोपले, जसे चाळीस वर्षांत झोपले नव्हते. पुढे बर्वे रोज माझ्याबरोबर आले. बिल्ल्याचं ह्यांनी पुन्हा विचारलं नाही. चैत्रात हे गेले, तेव्हा हात बर्व्यांच्या पाठीवर होता. खंड्याचा बिल्ला मी ह्यांच्या मुठीत देऊन पाठवला.

मोदक मी केले. कुत्रा हरवलाच नव्हता, पण गणपतीला कशाला फसवायचं? एकविसातले पाच बर्व्यांनी खाल्ले.

आता मेघना मला रोज एक इंग्रजी अक्षर शिकवते, आणि मी वाटेतली प्रत्येक पाटी वाचत उभी राहते. परवा वाचता वाचता बस सुटली. पाटीवर लिहिलं होतं, बस इथे थांबते.

जसा खंड्याच्या वाटचा बिल्ला बर्व्यांच्या गळ्यात ह्यांच्या हाताला लागला, तसं तुमच्या माणसांच्या मनातलं तुमच्या हाताला लागो. आणि ज्यांना माझ्यासारखं वाचता येत नाही, त्यांनी भिंतीला नमस्कार करण्याआधी दारातल्या माणसाला एकदा विचारावं!