गोजरबाईंचे हात

गोजरबाई सांगवीच्या. पूर्वी लोकांच्या उसाला पाणी द्यायच्या. गेली अकरा वर्षं बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात मावशी म्हणून काम करतात. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आमची ओळख झाली आणि टिकली.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या वॉर्डातल्या तीन रुग्णांच्या जखमांत एकच जंतू सापडला, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. तो पसरतो कुठून, हे शोधायचं काम निकिता सिस्टरकडे आलं. तिने खाटा आणि तारखा मांडून तक्ता केला. तिघांचंही अंग पुसलं होतं गोजरबाईंनी. वॉर्डात कुजबुज सुरू झाली.

निकिता कापसाची काडी घेऊन आली. "मावशी, हात पुढे करा."

"घ्या की. निम्मी कातडी साबणानं गेलीया, उरलेली तुमी न्या."

पण गोजरबाईंची नजर हात धुण्याच्या बेसिनकडे होती. नळाची धार थेट खालच्या जाळीवर आपटत होती आणि पाणी उडून शेजारच्या टबात पडत होतं. अंग पुसायचं पाणी त्याच टबात भरत.

"सिस्टर, त्या भोकातलंबी तपासा. पानी तितनं माघारी उडतंय." मग आवाज खाली आला. "आन् रोग्यांचं उरलेलं दूध मीच तितं वतते. कचऱ्यात टाकायला जीव होत न्हाय."

निकिताने दुसरी काडी जाळीच्या भोकात फिरवली. दुधावर पाइपातले जंतू पोसले जातात, हे तिला ठाऊक होतं.

"माजं काम जाईल का वो?"

"रिपोर्ट येऊ दे, मावशी."

तीन दिवस गोजरबाई धड जेवल्या नाहीत. रिपोर्ट आला. हात स्वच्छ होते. तो जंतू बेसिनच्या पाइपात होता. निकिताने मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, दुधासकट.

डॉक्टर ओशाळून म्हणाले, "मावशींना काढायचं, तर आधी मला काढा. माझा रोजचा उरलेला चहा कुठे जातो?"

पाइप बदलला, नळ बाजूला सरकवला, टब हलवला. दोन रुग्ण लवकर घरी गेले. तिसऱ्या, इंदापूरच्या आजोबांना महिना लागला, पण तेही चालत गेले. तक्त्यात चौथं नाव आलं नाही.

परवा मी गुडघा दाखवायला गेले होते. डॉक्टर अर्धा कप चहा घेऊन बेसिनकडे निघाले होते.

"सायेब, तिकडं न्हाय," गोजरबाई म्हणाल्या. "बादली हितं हाय."

डॉक्टर मुकाट्याने वळले.