टॉवेलाखालचा सौदा

आज बाजारात टॉवेल झटकला, बकऱ्यांचा वास नाकात शिरला आणि पुतणीची फिल्म आठवून डोकं तापलं.

सुमी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात फिल्मचं शिकत होती. थरारपटाची सुरुवात तिला दहिवडीच्या बाजारात, भर उन्हात करायची होती. मी म्हणालो, "अगं, खुनाच्या पिच्चरला अंधार पायजे, किंकाळी पायजे."

"काका, ते समदेच करत्यात. तुमी खुनी हायसा. तुमी नुसता सौदा करा."

"मंग माजं तोंड नीट दिसू दे."

मी दाढी केली, नवा फेटा बांधला. समोर रहिमतपूरचा व्यापारी सलीमभाई होता. आमच्याकडं बकऱ्यांचा भाव टॉवेलाखाली बोटं दाबून, न बोलता ठरतो. कॅमेरा सुरू झाला आणि मी सवयीनं खराच सौदा करायला लागलो. सलीमभाईला घाम फुटला. "सोड की गड्या, खेळ हाय ह्यो," तो पुटपुटला. मी बोटं आणखी आवळली.

कॉलेजात फिल्म लागली तेव्हा मी गावातली चार माणसं घेऊन गेलो. पडद्यावर फक्त टॉवेल आणि सलीमभाईचा घाबरलेला चेहरा. सगळे श्वास रोखून बघत होते. मी मात्र सुमीवर ओरडलो.

"काका, तुमचं तोंड दिसलं असतं तर भ्याच संपलं असतं," ती म्हणाली.

तो राग अजून आहे. मागच्या महिन्यात तिनं न कापलेलं चित्रण मोबाईलवर पाठवलं. सलीमभाईची बोटं आवळतानाचा माझा चेहरा त्यात आहे म्हणे. मी ते उघडलेलं नाही.

आज टॉवेलाखाली हात घालण्याआधी समोरच्या व्यापाऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी मान फिरवली.