वाकडा कापलेला फोटो

फोटोवाल्यानं आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट शिकवली: हसू नका. हनुवटी वर, कान दिसू देत, डोळे माझ्याकडे, आणि हसू नका. बत्तीस वर्षं त्यानं गल्लीच्या तोंडावरच्या एका चिंचोळ्या दुकानात पासपोर्टच्या मापाचे फोटो काढले. परीक्षेचा फॉर्म असो की नोकरीचा अर्ज, माणूस आधी त्याच्या स्टुलावर बसायचा. आठ फोटोंचा एक संच, हातानं कापून, छोट्या पाकिटात घालून. एखाद्या फोटोची कड जराशी जरी वाकडी गेली, की तो केराच्या टोपलीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, चालेल की!" तो म्हणायचा, "तुम्हाला चालेल, मला नाही चालत." आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं थांबायचं. थांबेल नाही तर काय करेल, गल्लीत दुसरं दुकानच नव्हतं.

बायको दवाखान्यात नर्स. दिवसभर दुसऱ्यांची बाळं हाताळून घरी यायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. लग्नाला वीस वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. शेवटी दोघांनी एका संस्थेत दत्तकासाठी अर्ज केला, तीन वर्षं वाट पाहिली, आणि सहा वर्षांची ठकी घरी आली. ठकी हे फोटोवाल्यानंच ठेवलेलं लाडाचं नाव.

ठकीचा त्रास म्हणाल तर काहीच नाही, आणि खरं दुखणं तेच होतं. वाढलेलं सगळं खायची, स्वतःच्या चादरीची घडी घालायची, झोपताना चपला उशाशी ठेवायची. पाच महिन्यांत तिनं दोघांना कुठल्याही नावानं हाक मारली नाही. काही हवं असलं की नुसती येऊन समोर उभी राहायची. संस्थेतल्या बाई एकदा घर बघायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "तुमचं दुकान, यांचा दवाखाना. या पोरीला तुम्ही मिळणार कधी? आठवडाभर कुठंतरी जा. तिघंच." आणि त्याच महिन्यात फोटोचा कागद विकणाऱ्या कंपनीनं, सगळ्यात जास्त कागद खपवल्याबद्दल, फोटोवाल्याला परदेशाची सहल बक्षीस दिली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

ठकीच्या पासपोर्टचा फोटो त्यानं स्वतः काढला. "हसू नको," असं तिला सांगावंच लागलं नाही.

बायकोला मात्र घोर लागला. "परका मुलूख, भाषा कळेना. पोर हरवली तर?" फोटोवाल्याला आपल्या धंद्यातलाच उपाय सुचला. त्यानं ठकीच्या फोटोंचा आणखी एक संच काढला, आठही फोटोंच्या मागे हॉटेलचा पत्ता लिहिला आणि ते पाकीट तिच्या फ्रॉकच्या खिशात घातलं. "हे बघ, कधी आम्ही दिसलो नाही, तर एखादी चांगली बाई बघायची आणि तिला यातला एक फोटो द्यायचा. कळलं?" ठकीनं मान हलवली. आपल्या अकलेवर फोटोवाला इतका खूश झाला, की त्यानं ही युक्ती शेजारच्या शिंप्यालाही सांगितली.

विमानतळावर रांगेत उभे असताना ठकीनं पाकिटातला सगळ्यात वरचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो उजेडात धरला. निघायच्या गडबडीत कापलेला तो, उजवी कड चक्क वाकडी. "अरे अरे, हा टाकाऊ आहे," तो म्हणाला आणि फोटो तिला परत दिला. मग तिनं तो बायकोपुढे धरला. बायको हसली. "वेडाबाई, मला कशाला? आपल्या दुकानात ढीग पडलाय." ठकीनं फोटो पाकिटात ठेवला. रांग पुढे सरकली.

सहलीचे पहिले तीन दिवस फोटोवाल्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. हॉटेलची खोली एवढीशी, तीन पलंगांमधून वाट काढायची तर तिरकं व्हावं लागायचं. पण ठकी खुलली होती. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर दाराआड उभी राहणारी पोर इथे आपणहून बायकांजवळ जायची. न्याहारीच्या हॉलमध्ये अंडी करून देणारी जाडजूड बाई, रिसेप्शनवरची चष्मेवाली, रस्त्यापलीकडची फळवाली, बागेतल्या बाकावरची म्हातारी. जवळ जायची, त्यांच्याकडे टक लावून बघायची. त्या हिचे गाल ओढायच्या. "बघितलंस?" तो बायकोला कोपरानं ढोसायचा. "हवा बदलली की माणूस बदलतं."

चौथ्या दिवशी सकाळी तो ताटली घेऊन अंड्यांच्या रांगेत उभा राहिला. त्या बाईच्या शेगडीपुढच्या काचेवर ठकीचा फोटो चिकटवलेला होता. आधी त्याला हसूच आलं. बाईनं फोटोकडे बोट केलं, मग दूर टेबलाशी बसलेल्या ठकीकडे, आणि हात छातीवर ठेवून काहीतरी गोड बोलली. तो मान डोलवत परत निघाला. वाटेत रिसेप्शन लागलं. तिथे कंप्युटरच्या कडेला दुसरा फोटो. आता त्याचं हसू मावळलं. तो तसाच ताटलीसकट रस्ता ओलांडून गेला. फळवालीच्या काट्यामागे तिसरा. फोटोवाल्याचं धाबं दणाणलं. दोघींना घेऊन तो खोलीत आला आणि त्यानं ठकीच्या खिशातलं पाकीट काढलं. रिकामं.

"ठके, तू हरवली होतीस?"

"नाही."

"मग हे फोटो का वाटलेस?"

"आधी द्यावा लागतो," ठकी म्हणाली. "नंतर घाईत चांगली बाई कशी मिळणार?"

बायको पलंगावर बसली. "आधी म्हणजे कशाच्या आधी, बाळा?"

ठकीनं समजावून सांगितलं. मोठ्या माणसांना एवढंही कळत नाही याचं तिला नवलच वाटलं असावं. "संस्थेतल्या ताई आधी फोटो पाठवायच्या. ज्यांनी ठेवून घेतला ते न्यायला यायचे. ज्यांना नको ते परत पाठवायचे. माझा चारदा परत आला."

"पण आम्ही तुला नेलं ना गं!"

"हो. पण मग तुम्ही पाकीट भरून फोटो दिलेत. बॅग भरलीत. अंडी करणारी बाई चांगली आहे. तिनं लगेच ठेवून घेतला."

आवाजात रडू नाही, राग नाही. दुकान किती वाजता बंद होतं हे सांगावं तसं सांगत होती.

"पण पहिला तुम्हालाच दिला होता," ठकी म्हणाली. "तुम्हाला, मग यांना. दोघांनी परत दिलात."

बायकोनं तोंडावर हात ठेवला. फोटोवाल्याला रांग आठवली, कपाळावर चढवलेला चष्मा आठवला, आणि आपण उच्चारलेला तो शब्दही आठवला. बत्तीस वर्षं तोंडं पारखली आणि घरचं तोंड समोर होतं तेव्हा हा गाढव कड बघत बसला होता.

तो ताडकन उठला आणि जिना उतरून अंड्यांच्या शेगडीपुढे जाऊन उभा राहिला. काचेवरच्या फोटोकडे त्यानं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. बाईनं ठामपणे नकाराची मान हलवली. फोटो तिला मिळाला होता. मागची माणसं कुरकुरायला लागली. काउंटरच्या या बाजूला उभं राहून फोटो मागायची त्याची ही पहिलीच वेळ. त्यानं हात जोडले. तेव्हा बाईनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, फोटो काढला, ॲप्रनला पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला. उजवी कड वाकडी.

बायको ठकीला घेऊन हॉलच्या दारात आली होती. तो ठकीसमोर उकिडवा बसला, गुडघे कडकडले. फोटो त्यानं तिच्या हातात दिला आणि आपला पंजा पुढे केला.

"मला दे."

ठकीनं फोटोकडे पाहिलं. "हा टाकाऊ आहे."

"मी टाकाऊ. फोटो चांगला आहे."

"परत देणार नाही ना?"

"मेलो तरी नाही."

तिनं बराच वेळ विचार केला. मग दिला. त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं. बायकोनं डोळे पुसत हात पुढे केला, "आणि मला?"

"संपले," ठकी म्हणाली.

मग तिघं मिळून फळवालीकडे मागायला गेली.

उरलेले दोन दिवस ठकी दर तासाला यायची, त्याच्या खिशाला हात लावून बघायची आणि निघून जायची. बागेत, बसमध्ये, जेवताना. तो हलायचाही नाही. तिनं बघून घेईपर्यंत घास तोंडातच धरून बसायचा.

निघायच्या सकाळी बॅगा बांधून झाल्या. टॅक्सी खाली उभी होती. फोटोवाला अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर आला, तर ठकी दारात आडवी उभी. चेहरा पांढराफटक.

"बाबा," ती म्हणाली, "फोटो जुन्या शर्टात राहिला."

'बाबा' ऐकून फोटोवाला होता तिथेच खिळला. बायकोच्या हातातली किल्ली खाली पडली. मग त्यानं बांधलेली बॅग तिथेच जमिनीवर उपडी केली.